शर्लिन सिस्टरची साक्ष

नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी एका पेशंटनं शर्लिनच्या हाताला असा कडकडून चावा घेतला, की दात हाडापर्यंत गेले असं तिला वाटलं. कुणीतरी डोक्यात बाटली फोडलेला तो माणूस दारूनं तर्र होता. ती त्याच्या कपाळावरचं रक्त पुसायला वाकली आणि त्यानं मान वळवून तिचं मनगट तोंडात धरलं. मीरा सिस्टर धावत आल्या, त्यांनी त्याचं नाक दोन बोटांत दाबून धरलं. श्वासासाठी त्यानं तोंड उघडलं तेव्हा हात सुटला. मीरा सिस्टरनी तिची जखम पाच मिनिटं नळाखाली धरली, इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "रडायचं तेवढं रडून घे. मग त्याचेच टाके घालायला डॉक्टरांच्या शेजारी उभी राहा. आज पळालीस तर उद्या यायला पाय उचलणार नाही."

शर्लिन उभी राहिली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती.

शर्लिन तुस्कानो वसईतल्या नंदाखाल गावची. वडील अँथनी यांची घरामागे केळी-नारळाची वाडी, आई मार्गारेट वाडीतली फुलं घेऊन सकाळी बाजारात बसायची. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना चर्चच्या हॉलमध्ये तरुणांसाठी एक मार्गदर्शन शिबिर झालं होतं. टाय बांधलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं, विशीत आयुष्याचा पाया घालायचा असतो, आधी आपली आवड शोधा, मग पाच वर्षांचा आराखडा काढा. सगळ्यांना कागद वाटले. शर्लिनच्या कागदावर नावापलीकडे काहीच उमटलं नाही. तिला कशाची अशी खास आवड नव्हती. आयर्लंडला नर्स असलेल्या सँड्रा आंटीनं फोनवर तो कागद तिच्या वतीनं भरून टाकला: "दोन-तीन वर्षं अनुभव घे, इंग्रजीची परीक्षा दे आणि निघ. तिथं काय ठेवलंय?"

अनुभव घ्यायचा म्हणून ती नालासोपाऱ्याला, हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या तीस खाटांच्या खासगी हॉस्पिटलात लागली. वॉर्डात जागा नव्हती, कॅज्युअल्टीत होती. तिथं कुणी टिकत नसे.

आणि गंमत अशी, की शर्लिन टिकली. कॅज्युअल्टीत येणारं माणूस फुटलेलं, चिरलेलं, भाजलेलं असायचं. ट्रकखाली पाय गेलेला क्लीनर, पाण्याच्या लाईनवरून शेजाऱ्यानं फावडं घातलेला म्हातारा, साखळदंडानं झोडपलेला कॉलेजातला पोरगा. रक्ताच्या धारेवर बोट नेमकं कुठं दाबायचं हे तिच्या हाताला आपोआप कळत गेलं. एकदा एका बाईला नवऱ्यानं कुकरच्या झाकणानं मारून भुवई फोडली होती. टाके चालू असतानाच तो नवरा आत घुसला आणि टेबलावर पडलेल्या बायकोच्या पोटात त्यानं लाथ घातली. शर्लिननं विचार केलाच नाही. हातातला स्टीलचा ट्रे तिनं त्याच्या नाकाडावर हाणला. तो खाली बसला. वॉर्डबॉय शांताराममामांनी त्याला बखोटीला धरून बाहेर फरफटत नेलं. पन्नाशी ओलांडलेले मामा परत येऊन म्हणाले, "सिस्टर, ट्रेला पोचा आलाय. दुसरा आणतो."

मीरा सिस्टर शिकवत गेल्या. पाठीशी नेहमी भिंत ठेवायची. ओळखपत्राची पट्टी गळ्यात घालायची नाही, कुणीही धरून ओढतं. कात्री उघड्यावर ठेवायची नाही. आणि नातेवाइकाला "वाचेल" असं कधी म्हणायचं नाही. "डॉक्टर बघतायत, एवढंच बोल," त्या बजावायच्या. "तू दिलासा म्हणून बोलतेस, तो वचन म्हणून ऐकतो."

चार वर्षं गेली. शर्लिन इंग्रजीची परीक्षा पास झाली. आयर्लंडच्या एका हॉस्पिटलचं पत्र आलं, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचं होतं. मार्गारेटनं नवी बॅग आणून खाटेखाली ठेवली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी साडेतीन वाजता टेम्पोच्या मागच्या फळीवर घालून एका तरुणाला आणलं. चिंचोटीकडून येताना बाइक डंपरला घासली होती. मुलगा एकवीस वर्षांचा, हेल्मेट नाही, कानांतून रक्त. डॉक्टर हर्षवर्धन त्याच्या छातीवर दोन्ही हात रोवून दाबायला लागले. डॉक्टरही अवघे सत्तावीसचे.

त्याच बाइकवर मागं बसलेला मित्र तेवढा वाचला होता. उजवं कोपर सोलवटलं होतं, बाकी धड. शर्लिननं त्याला बाजूच्या स्टुलावर बसवलं आणि केसपेपरवर स्वतःच्या हातानं लिहिलं: संकेत, वय तेवीस, उजव्या कोपराला जखम.

"सिस्टर, वाचेल ना तो?"

"डॉक्टर बघतायत."

"तुम्ही बोला ना. वाचेल ना?"

"हात हलवू नको. काय करतोस तू? शिकतोस?"

त्याचं लक्ष तिकडून काढायला तिनं विचारलं. तो म्हणाला, इंजिनिअरिंग झालंय, एका कंपनीत सिलेक्शन झालंय, एक तारखेला जॉइन व्हायचंय, त्याचीच पार्टी म्हणून दोघं फिरायला गेले होते. मग तो हुंदके देऊन रडायला लागला. शर्लिननं जखमेतली खडी चिमट्यानं एकेक करून काढली, पांढरं बँडेज गुंडाळलं, खांद्यावर हात ठेवला. "शांत हो," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, की आणखी काही, यावर पुढं बरंच रामायण झालं.

चाळीस मिनिटांनी डॉक्टर थांबले. यंत्रावर सरळ रेघ होती. एव्हाना बाहेर पन्नास-साठ पोरं जमली होती. डॉक्टर दारात जाऊन म्हणाले, "सॉरी, आम्ही खूप प्रयत्न केला."

पहिला आवाज काचेचा आला. मग सगळंच एकदम झालं. कुणीतरी डॉक्टरांचा ॲप्रन धरून त्यांना बाहेर ओढलं, तीन-चार जण लाथांनी तुडवायला लागले. फायर एक्स्टिंग्विशर काउंटरवर आदळला. औषधांचं कपाट आडवं झालं, त्याच्या काचा तुडवत पोरं आत आली. कॅज्युअल्टीला दार एकच होतं आणि ते दार म्हणजे ती गर्दीच होती. आतल्या पडद्यामागं सलाईन लावलेली, आठवा महिना भरलेली एक बाई पडली होती. ती किंचाळत होती. शांताराममामा हात पसरून पडद्यासमोर उभे राहिले. "पोरांनो, आत बाई आहे रे, गरोदर बाई!" खुर्चीचा पाय त्यांच्या बरगड्यांवर बसला. ते वाकले, पुन्हा सरळ झाले. दुसरा घाव बसला तेव्हा मात्र तिथंच कोसळले.

मग पडद्यासमोर शर्लिन उरली.

समोरून संकेत आला. त्याच्या हातात सलाईनचा लोखंडी स्टँड होता, आणि तो हात कोपरापासून पांढऱ्या बँडेजमध्ये होता. तो एका हाताच्या अंतरावर होता. वरच्या ओठावर तीळ होता. "तू बोलली होतीस वाचेल!" तो ओरडला.

"मी नाही—" एवढं ती म्हणाली. स्टँड डाव्या गालावर बसला. काहीतरी मोडल्याचा आवाज तिला आतून ऐकू आला, बाहेरून नाही. तोंडात खडे आले. ते दात आहेत हे नंतर कळलं. ती पडली नाही, पडद्याचा पाइप तिनं धरून ठेवला होता. दुसरा घाव कानावर बसला.

पोलीस आले तोवर पोरं पांगली होती. पडद्यामागच्या बाईला ओरखडाही आला नव्हता.

शर्लिनचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात हाडाला धातूच्या पट्ट्या बसवल्या आणि वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. पेज, सूप, दूध, सगळं गालाच्या कडेच्या फटीतून नळीनं. आणि या सहा आठवड्यांत, तिला एक शब्दही उलट बोलता येत नसताना, जगातल्या प्रत्येकानं तिला सल्ला दिला.

सँड्रा आंटी व्हिडिओ कॉलवर रडली आणि म्हणाली, पोलीस-बिलीस काही नको, तारा निघाल्या की विमानात बस. हॉस्पिटलचे मॅनेजर फुलं घेऊन आले. ते म्हणाले, प्रकरण वाढलं तर हॉस्पिटलचं नाव खराब होईल, तुझ्याही पुढच्या नोकरीला ते बरं दिसणार नाही. शेजारची एक बाई मार्गारेटच्या कानात कुजबुजली, आता पोरीचं लग्न उरकून टाका. डॉक्टर हर्षवर्धन मनगटाला प्लास्टर घालून आले. खाली मान घालून बसले.

"सिस्टर, मी जबाबात लिहून दिलं की मारणाऱ्यांचे चेहरे दिसले नाहीत. मला पुढची परीक्षा द्यायचीय. कोर्टाच्या चकरा मारत बसलो तर..." शर्लिन त्यांच्याकडे बघत राहिली. तुडवताना तो माणूस आईला हाका मारत होता, ते तिनं ऐकलं होतं. तिला राग आला आणि दयाही आली, पण तारांमुळं दोन्हीतलं काहीच तोंडावर दिसलं नाही.

शेवटी संकेतची आई आली, सोबत त्याचा मामा. पोलिसांनी संकेतला उचललं होतं, जामीन झाला होता. बाई साधी होती, कुठल्याशा ऑफिसात कारकून. शर्लिनच्या घराच्या व्हरांड्यातल्या खुर्चीच्या टोकावर बसून तिनं हात जोडले.

"बाळा, त्याचा जिवलग मित्र त्याच्या डोळ्यांसमोर गेला. त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चुकलं त्याचं. पण तेवीस वर्षांचा आहे गं तो. आता कुठं आयुष्य सुरू होतंय. नोकरीचं पत्र हातात आहे. तू फक्त म्हण की गर्दीत नीट दिसलं नाही. तुझ्या एका शब्दावर त्याचं सगळं करिअर आहे."

मामा म्हणाला, "तुम्ही तर बाहेरदेशी चाललाय म्हणे. तुमचं चांगलंच होणार आहे. मग त्याचं कशाला वाईट करता?"

जवळच वही होती. शर्लिननं ती ओढली, दोन शब्द लिहिले आणि वही त्या बाईसमोर धरली.

"मी सव्वीस."

बाईनं ते वाचलं. तिला ते कळलं असावं, कारण तिनं जोडलेले हात सोडले. मामाला कळलं नाही. "म्हणजे काय?" त्यानं विचारलं. बाई उठली आणि फाटकाकडे चालायला लागली.

जुलैत एका सकाळी अँथनी वाडीत गेले आणि तिथंच मटकन खाली बसले. घडावर आलेली चाळीस केळी कुणीतरी कमरेतून छाटून टाकली होती. हिरवे घड चिखलात तुडवले होते. कुणी केलं, सांगायला पुरावा नव्हता. पण आदल्या संध्याकाळी बाइकवरची दोन अनोळखी पोरं फाटकापाशी थांबून "सिस्टर घरी आहेत का" असं विचारून हसत गेली होती. अँथनी घरात आले, भिंतीवरचा कोयता काढला आणि पायात चपलाही न घालता निघाले. सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी माणसावर हात उचलला नव्हता. शर्लिन धावत जाऊन फाटकात आडवी झाली. तारा निघून तीनच दिवस झाले होते, जबडा अर्धाच उघडत होता.

"डॅडी, कोयता द्या."

"बाजूला हो. त्याच्या घरात जाऊन एकेकाला उभा चिरतो."

"मग मी साक्ष कुणाकुणाविरुद्ध देऊ? तुमच्याविरुद्ध पण देऊ?"

त्यांनी कोयता वर उचलला. क्षणभर तिला खरंच वाटलं की तो आपल्यावरच पडतोय. तो फाटकाच्या लाकडी खांबात दोन बोटं रुतला. अँथनींनी तिथंच खांबाला डोकं टेकलं आणि ते ओक्साबोक्शी रडले. नंतर बापलेक दोघं पोलीस चौकीत गेले आणि केळींचीही तक्रार लिहून आले.

ऑगस्टची तारीख गेली. खटल्यातली मुख्य साक्षीदार आणि एका कानानं बहिरी; आयर्लंडच्या हॉस्पिटलनं आधी मुदत वाढवली, मग नम्र शब्दांत पत्र मागं घेतलं. मार्गारेटनं बॅग माळ्यावर टाकली. त्या दिवशी रागाच्या भरात शर्लिननं न्हाणीघरातला आरसा बुक्कीनं फोडला. मग स्वतःच्याच बोटांतल्या काचा काढून स्वतःच बँडेज बांधलं. ते बांधताना तिला उमगलं, की आपल्याला हे काम येतं आणि हेच हवं आहे. शिबिरातल्या त्या कोऱ्या कागदावर आता तिला लिहिता आलं असतं.

सप्टेंबरात ती मॅनेजरसमोर जाऊन बसली. "मी परत येते," ती म्हणाली. "पण कॅज्युअल्टीला दुसरं दार पाडा. मागच्या भिंतीतून. ते होईपर्यंत मी वॉर्डात काम करीन." मॅनेजरनं परवानगी, खर्च, नकाशा अशी दहा कारणं सांगितली. मग तिनं तेच अर्जात लिहून दिलं आणि मीरा सिस्टर आणि दहा नर्सनी त्या अर्जावर सह्या केल्या. दिवाळीआधी भिंत फुटली. धुरळा उडत असताना मीरा सिस्टर म्हणाल्या, "तीस वर्षं मी पोरींना पाठीशी भिंत ठेवा सांगत आले. भिंतीत दार मागायचं सुचलंच नाही बघ."

वसईच्या कोर्टात खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. शांताराममामा निवृत्त होऊन कोकणात गेले होते, ते एसटीनं आले. बरगड्या जुळल्या होत्या, पण खोकताना हात छातीवर जायचा. आरोपीच्या वकिलांनी शर्लिनला दीड तास उभं केलं.

"पन्नास-साठ जणांच्या गर्दीत, धावपळीत, तुम्ही एक चेहरा ओळखलात?"

"त्याच्या हाताला मी बांधलेलं बँडेज होतं. दहा मिनिटांपूर्वी बांधलं होतं. केसपेपरवर नाव माझ्या अक्षरात आहे."

"मित्र वाचेल, असं तुम्ही त्याला सांगितलं होतं. खोटी आशा दाखवली. खरं की नाही?"

याच प्रश्नानं शर्लिनला दोन वर्षं छळलं होतं. तिनं मनातल्या मनात तो स्टूल, तो चिमटा, ते शब्द शंभरदा परत उभे केले होते. "मी 'शांत हो' म्हणाले," ती म्हणाली. "त्याला तसं ऐकू आलं असेल. पण समजा मी म्हटलंही असतं, तरी त्यानं मारायला नको होतं."

वकील खाली बसले.

संकेतला दोन वर्षांची शिक्षा झाली. अपील झालं, जामीन झाला. ते प्रकरण अजून वरच्या कोर्टात चालूच आहे. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात तो तिला आडवा आला. वजन वाढलं होतं, डोळ्यांखाली काळं. नोकरीचं ते पत्र केव्हाच गेलं होतं.

"माझी लाइफ बरबाद केलीस तू," तो म्हणाला.

शर्लिनला वाटलं, आता हा पुन्हा मारणार. तिची मूठ आपोआप आवळली गेली, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण त्या क्षणी याच्या ओठांवर, त्या तिळावर ठोसा घालावा असं तिला तहानेसारखं वाटत होतं. शेजारी उभे असलेले शांताराममामा खोकले. संकेतची आई मागून आली आणि तिनं मुलाच्या दंडाला धरून त्याला बाजूला ओढलं. शर्लिन जिना उतरून खाली आली. समाधान वगैरे काही झालं नाही. भूक मात्र लागली होती. तिनं मामांना कोर्टासमोरच्या हॉटेलात मिसळ खायला घातली.

आता ती तिशीची आहे. मीरा सिस्टर निवृत्त झाल्यावर कॅज्युअल्टीची इन्चार्ज तीच झाली. डाव्या कानात मशीन आहे. नर्सिंगच्या मुलींपुढं बोलायला तिला अधूनमधून बोलावतात. मुली विचारतात: परदेशी जावं का, आवड कशी ओळखावी, पाच वर्षांनी कुठं असायला हवं. तिच्याकडे मोठी उत्तरं नाहीत. ती सांगते, "जायचं असेल तर जा, मला जायला मिळालं नाही म्हणून मी तुम्हाला अडवणार नाही. आवड आधी सापडत नाही, हाताला काम लागलं की कळते. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. मार खाल्लेल्या दिवशी राजीनामा लिहायचा नाही, आणि माफीनामाही लिहायचा नाही. त्या दिवशी फक्त काय झालं ते लिहायचं. कुणी, कधी, कशानं."

गेल्या जानेवारीत अनुष्का नावाची बावीस वर्षांची नवी नर्स लागली. दुसऱ्याच आठवड्यात एक्स-रेला उशीर होतो म्हणून एका धिप्पाड माणसानं तिच्या कानफटात दिली. ती ट्रॉलीवर जाऊन आदळली, ओठ फाटला. त्यानं दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा मध्ये शर्लिन होती. त्यानं तिची गचांडी धरली, गणवेशाची दोन बटणं तुटून पडली. शर्लिननं त्याच्या करंगळीला धरून ती उलटी मुरगळली आणि तो गुडघ्यावर येईपर्यंत सोडली नाही. मागून सिक्युरिटीची दोन माणसं धावत आली.

तासाभरानं ती अनुष्काला घेऊन चौकीत गेली. अनुष्काच्या ओठावर तीन टाके होते. बोलताना रडू येत होतं.

"सिस्टर, मी सोडून देऊ का हे? मला नाही जमणार. पप्पा पण बोलतायत, सोड."

"ते महिन्याभरानं ठरव. आज लिही."

अनुष्कानं लिहिलं. हवालदारानं सगळं वाचून घेतलं. महिनाभर ती कामावर आली. प्रत्येक मोठ्या आवाजाला दचकायची, पण आली. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिनं सांगितलं, विरारला एका रक्तपेढीत काम मिळतंय, तिकडं जाते. "तुम्ही रागावलात का?"

"महिनाभर विचार केलास ना?"

"रोज केला."

"मग कशाला रागावू?" शर्लिन म्हणाली आणि तिच्या अनुभवाच्या दाखल्यावर तिनं सही केली. "खटल्याची तारीख पडली की फोन करीन. तेव्हा मात्र यायचं."

तारीख पुढच्या महिन्यात पडली आहे. अनुष्का येते म्हणाली आहे.